म्हातारपणची तरतूद : दान कीं देणें ?

माणसाचे हातपाय थकल्यावर त्याच्या पोटाची सोय कोणीं पाहावी, हा प्रश्न आपल्या समाजानें फार काळ कुटुंबावर सोपवून दिला होता. शेत असे, घर असे, मुलगे असत. मुलगे नसले तर पुतणे असत. परंतु ज्या दिवशीं माणूस शेत सोडून कारखान्याच्या फाटकाशीं उभा राहिला आणि महिन्याच्या पगारावर जगूं लागला, त्या दिवशीं ही जुनी सोय मोडली. पगार थांबला कीं सारेंच थांबतें, ही स्थिति नवी होती, आणि तिला नवा कायदा लागणार होता. तो कायदा आपल्याकडे कसा घडला, त्यानें कोणास काय दिलें आणि कोणास दाराबाहेर ठेवलें, हा इतिहास दिल्लीच्या दप्तरांत जितका सांपडतो, तितकाच तो कल्याणच्या पुढें कर्जतच्या वाटेवर असलेल्या उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन गांवांतहि सांपडतो. थोड्या कोसांच्या अंतरांत येथें निरनिराळ्या तऱ्हेचीं म्हातारपणें एकमेकांच्या शेजारीं नांदतात, आणि त्यांच्यांतील फरक बहुतांशीं कायद्यानें ओढलेल्या रेघांचा आहे.

‘पेन्शन’ हा शब्द इंग्रजांबरोबर आला, पण कल्पना अगदींच परकी नव्हती. मराठी राज्यांत लढाईंत कामास आलेल्या शिपायाच्या मुलांसाठीं ‘बालपरवेशी’ म्हणून नेमणूक चालत असे. तिच्यांत माया होती, कर्तव्यबुद्धि होती. पण ती हक्कानें मागण्याची सोय नव्हती. धनी देईल तोंवर ती चालावयाची. हीच कल्पना कंपनी सरकारच्या हातांत गेली तेव्हां तिच्यांतील माया गेली आणि मर्जी तेवढी उरली. दुसऱ्या बाजीरावास १८१८ सालीं सालीना आठ लक्षांची नेमणूक ठरली. १८५१ च्या जानेवारींत तो ब्रह्मावर्तास वारला. त्याच्याबरोबर नेमणूकहि संपली असें सांगून कंपनीनें नानासाहेबांची मागणी फेटाळली. पुढें काय झालें तें मराठी वाचकांस सांगावयास नको. आपणांस येथून घ्यावयाचा मुद्दा एवढाच कीं, पेन्शन ही देणाऱ्याची कृपा आहे, घेणाऱ्याचें येणें नव्हे, असा त्या काळचा सिद्धांत होता. १८७१ च्या पेन्शन कायद्यानें तोच पक्का केला. कलेक्टरासारख्या अधिकाऱ्याचा दाखला असल्यावांचून पेन्शनच्या दाव्यास दिवाणी न्यायालयाचें दार बंद झालें.

सरकारी नोकरास निदान ही कृपा तरी होती. गिरणींतल्या माणसास तीहि नव्हती. त्याच्यासाठीं कायदा आला तो तुकड्यातुकड्यांनीं. १९२३ सालीं कामावर जखमी होणाऱ्यास नुकसानभरपाई मिळण्याची तरतूद झाली. १९२५ च्या प्रॉव्हिडंट फंड कायद्यानें, जेथें फंड होता तेथें तो सावकाराच्या जप्तींतून वांचविला. परंतु फंड काढलाच पाहिजे असें बंधन कोणावर घातलें नाहीं. १९२९ सालीं मुंबई इलाख्यानें बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा केला. त्याच सालीं नेमलेल्या मजूरविषयक रॉयल कमिशनवर ना. म. जोशी हे एक सभासद होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे मध्यवर्ती सरकारचें मजूर खातें असतांना, रेगे समितीनें देशांतल्या मजुरांच्या स्थितीची पाहणी हातीं घेतली. जखम, आजार, बाळंतपण यांचा विचार याप्रमाणें हळूहळू झाला. म्हातारपणाचा मात्र मागें राहिला. त्याचें कारण उघड आहे. जखमी हात डोळ्यांना दिसतो. थकलेला हात फाटकाबाहेर जातो आणि मग कोणालाच दिसत नाहीं.

याच काळांत अंबरनाथ वाढत होतें. शिलाहारांच्या वेळचें शिवालय हीच ज्या गांवाची ओळख होती, तेथें धरमसी मोरारजी यांच्या १९१९ सालीं स्थापन झालेल्या कंपनीचा रासायनिक कारखाना आला, आणि ‘विम्को’ या नांवानें साऱ्या देशास ठाऊक झालेला आगपेट्यांचा कारखाना आला. विम्कोचें नांव तेथील एका नाक्यानें अजून जपलें आहे. पुढें संरक्षण खात्याच्या फॅक्टऱ्या आल्या, आणि अंबरनाथ हें कामगारांचें गांव झालें. उल्हासनगरची कथा निराळी. कल्याणच्या लष्करी छावणींत सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वस्ती झाली, आणि १९४९ सालीं गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें तिला उल्हासनगर हें नांव मिळालें. घरदार सोडून आलेल्या या लोकांनीं एकएका खोलींत धंदे थाटले. पलीकडे शहाडला सेंच्युरी रेयॉनचा अवाढव्य कारखाना उभा राहिला. एकीकडे हजारों हातांचा कारखाना आणि दुसरीकडे आठदहा कारागिरांची खोली, असें हें गांव प्रथमपासूनच दोन जातींचें आहे.

१९५१ च्या १५ नोव्हेंबरला मध्यवर्ती सरकारनें वटहुकूम काढला आणि १९५२ सालीं त्याचा कायदा झाला. हाच तो कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीचा कायदा; लोकांच्या तोंडीं तो नुसता ‘फंड’ आहे. त्याच्या हेतूंच्या निवेदनांतील एक कबुली लक्षांत ठेवण्याजोगी आहे. कामगारास म्हातारपणीं पेन्शन देणें हाच खरा मार्ग होय, पुढारलेल्या देशांत तसेंच होतें. परंतु देशाच्या सध्यांच्या स्थितींत तें जवळच्या काळांत साधेल असें दिसत नाहीं, म्हणून फंड काढावयाचा, असा त्याचा आशय होता. म्हणजे फंड हा प्रथमपासूनच दुय्यम पर्याय होता. रुपयामागें एक आणा कामगाराचा आणि एक आणा मालकाचा, अशी वर्गणी ठरली. पन्नास किंवा अधिक माणसें असलेले कारखानेच तेवढे त्यांत धरले. महिना तीनशें रुपयांपर्यंत पगार असलेलेच कामगार धरले. आणि धंदे धरले ते सहा: सिमेंट, सिगारेट, यंत्रकाम, लोखंड-पोलाद, कागद आणि कापड. अंबरनाथचीं रसायनें आणि आगपेट्या या पहिल्या यादींत नव्हत्या. त्या मागाहून घातल्या गेल्या.

पहिल्याच दिवशीं ओढलेल्या या तीन रेघा, माणसांची, पगाराची आणि धंद्याची, पुढच्या साऱ्या इतिहासाच्या मुळाशीं आहेत. धंद्यांची यादी वाढत गेली. पगाराची मर्यादा १९५७ सालीं पांचशें, १९६२ सालीं एक हजार अशी चढत गेली. माणसांची मर्यादा १९६० च्या दुरुस्तीनें पन्नासावरून विसावर आली. वीस हा आंकडा मोठा चमत्कारिक आहे. एकोणीस माणसांच्या कारखान्यांतला कारागीर विसांच्या कारखान्यांतल्या कारागिराहून कमी म्हातारा होतो असें कोणी म्हणणार नाहीं. लहान धंद्याचा जीव लहान, त्यावर बोजा नको, ही त्यामागची दृष्टि होती आणि ती सर्वस्वी खोटी नव्हती. उल्हासनगरच्या खोलींत शिवणयंत्रें मांडून बसलेला निर्वासित मालक स्वतःच कालपर्यंत निराधार होता. त्याच दृष्टीनें नव्या कारखान्यास प्रथम कांहीं वर्षें कायदा लागूं नये अशी सवलत ठेवली होती. ती १९९७ पर्यंत टिकली.

परंतु रेघ ओढली कीं तिच्या अलीकडे उभें राहण्याची कला वाढते, हा सार्वत्रिक अनुभव आहे. एकाच छपराखालीं दोन नांवें, एकाच कुटुंबांत तीन मालक, जुनी संस्था बंद आणि तीच यंत्रें घेऊन नवी सुरू, अशा युक्त्या देशांत सर्वत्र निघाल्या. कायद्यानें त्यावर १९६० सालींच उत्तर दिलें होतें: संस्थेचे विभाग आणि शाखा कोठेंहि असोत, संस्था एकच धरावी. मग ‘एकच संस्था’ म्हणजे काय, यावर न्यायालयांत वर्षानुवर्षें वाद चालले. पैसा एक आहे काय, व्यवस्था एक आहे काय, माणसें इकडून तिकडे जातात काय, हे प्रश्न न्यायाधीश विचारूं लागले. इकडे गावठी विनोदानें उल्हासनगरच्या मालावर ‘मेड इन यू. एस. ए.’ असा छाप मारला आणि त्याचा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा लावला. विनोद चांगला आहे. पण ज्या कारागिरांच्या हातांनीं तो माल तयार झाला, त्यांच्यापैकीं ज्यांचें नांव कोणत्याच फंडाच्या वहींत चढलें नाहीं, त्यांच्या म्हातारपणावर कोणता छाप मारावयाचा, याचें उत्तर त्यांत नाहीं.

फंडाबरोबर दुसरी एक कल्पना न्यायालयांतून वाढत होती, ती ग्रॅच्युइटीची. इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थच बक्षीस. मालक खुषीनें देतो ती ग्रॅच्युइटी. मग ती नाकारण्याचाहि त्याला अधिकार, असा युक्तिवाद होत असे. मुंबईच्या गार्मेंट क्लीनिंग वर्क्स या धुलाईच्या कारखान्याच्या कामगारांचा तंटा १९६१ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें आला. ज्या पीठापुढें तो चालला त्यावर प्र. बा. गजेंद्रगडकर होते. दीर्घ सेवेनें कमावलेली ग्रॅच्युइटी ही बक्षीस नव्हे, आणि गैरवर्तनासाठीं कामावरून काढलें तरी ती सबंध बुडवितां येत नाहीं. झालेल्या नुकसानापुरती काय ती कापावी, असा निर्णय झाला. शब्द जुनाच राहिला, पण त्याचा अर्थ उलटला. १९७२ सालीं ग्रॅच्युइटीचा स्वतंत्र कायदा झाला: पांच वर्षें नोकरी, आणि दर वर्षामागें पंधरा दिवसांचा पगार. वीस हजारांच्या पगारावर तीस वर्षांनीं निवृत्त होणाऱ्यास या हिशेबानें सुमारें तीन लक्ष शेहेचाळीस हजार मिळतात. येथें मर्यादा दहा माणसांची आहे. त्यामुळें बारा कारागिरांच्या खोलींत ग्रॅच्युइटी देणें लागते आणि फंड लागत नाहीं. एकाच कायदेमंडळानें एकाच माणसाचा विचार दोन गजांनीं मोजून केला.

फंड हातीं एकदम पडतो, आणि एकदम पडलेला पैसा एकदम जातो. मुलीचें लग्न, घराचें छप्पर, जुनें कर्ज, यांत तो कसा विरतो हें घरोघर ठाऊक आहे. बदलापुराकडे पाहावें. मुंबईच्या पगारावर जगणाऱ्या आणि मुंबईंत घर न परवडणाऱ्या कुटुंबांनीं हें गांव वाढविलें. घरासाठीं फंडांतून रक्कम काढण्याची सोय नियमांत आहे, आणि येथल्या कित्येक भिंतींत कोणाच्या ना कोणाच्या म्हातारपणाची पुंजी चिणलेली आहे. तें वाईट झालें असें नव्हे. डोक्यावर छप्पर असणें ही अर्धी पेन्शनच आहे. पण उरलेली अर्धी, महिन्याच्या महिन्यास हातांत येणारी, तिची सोय फंडानें होत नाहीं. ही उणीव ओळखून १९७१ सालीं कामगाराच्या मागें त्याच्या कुटुंबास पेन्शन देणारी योजना निघाली. आणि १९९५ च्या १६ नोव्हेंबरपासून खुद्द कामगारासहि पेन्शन सुरू झालें. १९५२ सालीं जें साधण्यासारखें नाहीं म्हणून बाजूस ठेवलें होतें, तें त्रेचाळीस वर्षांनीं पदरीं आलें.

या दोहोंच्या मध्यें एक निकाल आहे, आणि या इतिहासांतील उंचावरची जागा ती आहे. १९७९ सालीं केंद्र सरकारनें पेन्शनचा हिशेब उदार केला, पण त्या वर्षीं ३१ मार्चला किंवा नंतर निवृत्त होणाऱ्यांपुरता. दोन दिवस आधीं घरीं गेलेल्यास जुनाच हिशेब. डी. एस. नाकारा या निवृत्त अधिकाऱ्याचें नांव ज्यास चिकटलें त्या दाव्यांत, १९८२ च्या १७ डिसेंबरला, यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पांच न्यायाधीशांच्या पीठानें ती तारीख पुसून टाकली. पेन्शन ही भीक नव्हे, मालकाच्या मर्जीवर लोंबकळणारी कृपा नव्हे. केलेल्या सेवेचें तें देणें आहे, आणि सारखीं माणसें तारखेच्या रेघेनें तोडतां येत नाहींत, असें न्या. देसाई यांनीं लिहिलें. १८७१ चा सिद्धांत एकशें अकरा वर्षांनीं उलटला. निवृत्त माणसें १७ डिसेंबर हा दिवस अजून साजरा करतात, तो उगाच नव्हे.

दान संपलें, देणें सुरू झालें, असें म्हणून येथेंच लेखणी ठेवतां आली असती. परंतु हक्काची भाषा मान्य करून हिशेबाच्या रेघेनें तो हक्क बारीक करतां येतो, हें पुढच्या चाळीस वर्षांनीं दाखविलें. १९९५ च्या योजनेंत मालकाच्या वर्गणीपैकीं शेंकडा ८.३३ भाग पेन्शनकडे जातो आणि सरकार शेंकडा १.१६ घालतें, पण हें सारें ठराविक पगारापर्यंतच. ती मर्यादा प्रथम पांच हजार होती, २००१ सालीं साडेसहा हजार झाली, आणि २०१४ च्या १ सप्टेंबरपासून पंधरा हजार. पेन्शनचा हिशेब असा कीं, धरलेल्या पगारास नोकरीच्या वर्षांनीं गुणावें आणि सत्तरानें भागावें. साडेसहा हजार धरले आणि वीस वर्षें मोजलीं तर महिना सुमारें अठराशें सत्तावन्न रुपये होतात. प्रत्यक्ष पगार चौपट असला तरी हिशेब मर्यादेवरच होतो. आणि महागाईबरोबर ही रक्कम आपोआप वाढत नाहीं. किमान पेन्शन २०१४ सालीं एक हजार ठरली. त्यापूर्वींच, २०१३ सालीं, भगतसिंग कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभेच्या समितीनें ती तीन हजार असावी असें सुचविलें होतें. या पेन्शनरांच्या आंदोलनाचें ठाणें आपल्याच बुलढाण्यास आहे, आणि त्यांची मागणी साडेसात हजारांची आहे.

खऱ्या पगारावर वर्गणी भरून जास्त पेन्शन घेण्याची मुभा १९९६ पासून होती. २०१४ सालीं ती बंद झाली. त्यावरचा वाद २०२२ च्या ४ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयानें मिटविला. २०१४ च्या १ सप्टेंबरला नोकरींत असलेल्यांस मुभा मागण्याची आणखी एक संधि मिळाली. त्या दिवसापूर्वीं ती न मागतां निवृत्त झालेल्यांस ती मिळाली नाहीं. १९८२ सालीं एक तारीख पुसली गेली होती. २०२२ सालीं दुसरी कायम झाली.

तारखेची रेघ पाहावयाची तर अंबरनाथच्या संरक्षण खात्याच्या फॅक्टरींत पाहावी. २००४ च्या १ जानेवारीपूर्वीं कामास लागलेल्यास जुनी, शेवटच्या पगाराशीं बांधलेली पेन्शन आहे. नंतरच्यास वर्गणीची नवी योजना, तिच्यांत बाजार देईल तें घ्यावयाचें. यंत्र एकच, पाळी एकच, जोखीम एकच. २०२१ च्या १ ऑक्टोबरला देशांतल्या एक्केचाळीस फॅक्टऱ्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. अंबरनाथची ऑर्डिनन्स फॅक्टरी यंत्र इंडियाकडे गेली आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आर्मर्ड व्हेइकल्स निगमकडे. कामगारांना प्रतिनियुक्तीवर केंद्र सरकारचेच नोकर मानलें गेलें, प्रथम दोन वर्षें, आणि मग मुदती वाढत गेल्या. पेन्शन कोणाकडे मागावयाचें, हा प्रश्न तीस वर्षें काम केलेल्या माणसाच्या मनांत प्रथमच उभा राहिला. राज्य सरकारच्या नोकरांसाठीं अशीच रेघ २००५ च्या १ नोव्हेंबरची आहे; ती पुसावी म्हणून २०२३ च्या मार्चमध्यें राज्यांतल्या लक्षावधि कर्मचाऱ्यांनीं संप केला. केंद्रानें २०२५ च्या १ एप्रिलपासून पंचवीस वर्षांच्या सेवेस शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्म्या पेन्शनची हमी देणारी एकत्रित योजना देऊं केली. आंदोलनानें रेघ पुसट होते, असा त्याचा अर्थ घ्यावयास हरकत नाहीं.

सर्वांत कठीण प्रसंग कारखाना बुडतो तेव्हांचा. शहाडच्या पुढें मोहने येथील एन. आर. सी. हा रेयॉनचा कारखाना २००९ सालीं बंद पडला आणि कामगारांच्या थकलेल्या देण्यांचा प्रश्न पुढें अनेक वर्षें चालूं राहिला. बुडत्या कारखान्याच्या मालमत्तेवर बँकेचें कर्ज आधीं कीं कामगाराचा फंड आधीं, हा प्रश्न महाराष्ट्रांतल्याच साखर कारखान्यांवरून सुटला. राज्य सहकारी बँकेकडे साखरेचीं पोतीं गहाण होतीं, आणि फंडाची वर्गणी थकली होती. २००९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें फंडास अग्रहक्क दिला. कामगाराच्या पगारांतून कापलेली वर्गणी न भरणें हा विश्वासघाताचा गुन्हा आहे, हें तर दंडविधानांत १९७३ सालींच आलें होतें. २०१६ च्या दिवाळखोरीच्या कायद्यानें फंड, पेन्शन आणि ग्रॅच्युइटीच्या निधींतील रकमा धनकोंच्या वांटणीबाहेर ठेवल्या. आणि २०२३ च्या जानेवारींत जेट एअरवेजच्या प्रकरणांत मालकी घेणाऱ्या नव्या धन्यास कामगारांचा फंड आणि ग्रॅच्युइटी चुकवावी लागेल, हें कायम झालें. या बाबतींत कायदा स्वच्छपणें कामगाराच्या बाजूस उभा आहे.

२०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २०२५ च्या २१ नोव्हेंबरपासून अमलांत आली. धंद्यांची यादी तिनें काढून टाकली. मुदतबंद नोकरास वर्षाच्या सेवेवर ग्रॅच्युइटी दिली. मोबाइलवरून काम घेऊन दारोदार फिरणाऱ्या पोऱ्यांचीहि प्रथमच दखल घेतली. १९५१ च्या तीन रेघांपैकीं एक गेली. पगाराची राहिली आणि विसांचीहि राहिली.

दोनशें वर्षांच्या या वाटचालींत कायद्यानें तत्त्वाची लढाई जिंकली आहे. पेन्शन ही कृपा आहे असें आतां कोणी न्यायालयांत उघडपणें म्हणूं शकत नाहीं. उरली आहे ती हिशेबाची लढाई, आणि ती अधिक रूक्ष असल्यामुळें तिच्याकडे सुशिक्षितांचें लक्ष कमी जातें. ज्याच्या घरीं पेन्शन येतें तो तिच्यांतल्या महागाईभत्त्याचा विचार करतो. उल्हासनगरच्या खोलींतल्या एकोणिसाव्या कारागिरापर्यंत त्याचा विचार पोंचत नाहीं. देणें हें देणेंच असेल, तर तें माणसांची संख्या मोजून कां ठरावें, हा प्रश्न आपण मध्यमवर्गीयांनीं विचारावयास पाहिजे. कारण त्या कारागिरानें शिवलेला कपडा आपल्याच अंगावर आहे.